जहाजावरचे पाणी



सहलीच्या ज्या मोठमोठ्या जहाजांना क्रूझ म्हणतात ती आता मुंबईच्या बंदरातूनही सुटतात, आणि या सभेतील काही मंडळी त्यांतून जाऊन आलेली असतील. या जहाजाच्या तिकिटात खोलीचे भाडे येते, न्याहारी येते, दोन वेळचे जेवण येते, मधला चहा येतो. निदान तिकीट काढताना आपली तशी समजूत असते. पहिल्या रात्री माणूस ठेवणीतले कपडे घालून भोजनगृहात जातो. पांढऱ्याशुभ्र टेबलावर काचेचे दोन-तीन प्रकारचे पेले मांडलेले असतात. वेटर हसतमुखाने येतो, त्याच्या हातात बाटली असते, आणि तो विचारतो, "पाणी कोणते देऊ? साधे की फसफसते?" पाहुणा म्हणतो, "साधे." बूच निघते, पेला भरतो, आणि सफरीच्या अखेरीस जे बिल हाती पडते त्यात त्या पाण्याची किंमत आणि तिच्यावर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क लावलेले असते. त्याच भोजनगृहात जहाजाचे स्वतःचे पाणी, बर्फ घातलेले, फुकट मिळत असते. परंतु वेटरच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नसतो. साधे म्हणा की फसफसते म्हणा, दोन्ही उत्तरे बाटलीकडेच जातात.

यात बेकायदेशीर असे काही नाही, आणि मी येथे गाऱ्हाणे मांडायला उभा नाही. माझे कुतूहल निराळे आहे. ज्या जहाजावर एके काळी उतारूला पाणी कायद्याने मोजून द्यावे लागे, त्या जहाजावर पाणी ही गळ्यात मारण्याची वस्तू कशी झाली? आणि याहूनही नवलाची गोष्ट अशी की, जेवणाच्या टेबलावरील फसफसत्या पाण्याची ही जी बाटली, तिचा वंश शोधीत मागे गेले तर आपण पुन्हा जहाजावरच जाऊन पोहोचतो. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

शिडाच्या जहाजांचा काळ घ्या. गोडे पाणी लाकडी पिंपांत भरून घेत. काही आठवड्यांत ते हिरवे पडे, त्याला वास येई, पिंपाच्या आतून बुळबुळीत शेवाळ धरी. लंडनहून निघणारी जहाजे थेम्स नदीचे पाणी भरीत. साऱ्या शहराची घाण त्या नदीत, त्यामुळे ते पाणी पिंपात अक्षरशः आंबे. खलाशी मात्र सांगत की, एकदा आंबून गाळ तळाशी बसला म्हणजे ते पुन्हा गोड लागते! इंग्रजी आरमारात दर खलाशाला दिवसाला एक गॅलन बिअर देण्याचा परिपाठ होता. त्यात चैनीचा भाग थोडा आणि व्यवहाराचा अधिक. बिअर पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकते, हे त्याचे मोठे कारण. पुढे १८१५ च्या सुमारास आरमारात पिंपांच्या जागी लोखंडी टाक्या येऊ लागल्या, तेव्हा कोठे पाणी बरे राहू लागले. डेकवर पिण्याच्या पाण्याचे एक पिंप ठेवलेले असे. त्याला स्कटलबट म्हणत. तेथे घोट घ्यायला जमलेले खलाशी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत, आणि त्यावरून इंग्रजी भाषेत त्या शब्दाला 'कंडी' किंवा 'अफवा' असा अर्थ चिकटला. आपल्या गावच्या पाणवठ्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

खलाशांचे हे हाल, तर उतारूंचे काय विचारावे? एकोणिसाव्या शतकात युरोपातील गरीब माणसे पोटासाठी अमेरिकेकडे लोटू लागली. जहाजाचे मालक जागा असेल तेवढी माणसे भरीत. माणसे वाढविली की पिंपांना जागा कमी, आणि पिंपे कमी केली की माणसांना जागा जास्त, असा हा सरळ हिशेब होता. प्रवास लांबला तर मधल्या मजल्यावरच्या लोकांनी कोरड्या घशाने राहावे. अखेर सरकारांना मध्ये पडावे लागले. अमेरिकेच्या काँग्रेसने १८१९ साली कायदा केला. त्यात अमेरिकेहून युरोपकडे जाणाऱ्या जहाजाने दर उतारूमागे ६० गॅलन पाणी बरोबर घेतलेच पाहिजे असे कलम होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८४२ च्या कायद्यात दर उतारूला दररोज तीन क्वार्ट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर, पाणी देण्याचे बंधन घातले. माणशी मापून दिलेले हे पाणी तिकिटाच्या पैशांतच येई. समुद्राच्या मधोमध दुसरे दुकान नसते. तेथे पाण्याचा भाव ठरविण्याची मोकळीक कप्तानाला दिली तर तो काय भाव ठरवील, हे कायदे करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही, ही जहाजाची खरी मख्खी आहे. ती पुढेही आपल्याला भेटणार आहे.

आता समुद्रावर सभोवती पाणीच पाणी असता त्याचेच गोडे पाणी का करू नये, हा विचार फार जुना आहे. समुद्राचे पाणी वाफ होऊन पुन्हा थिजले म्हणजे गोड होते, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. परंतु तत्त्व कळणे वेगळे आणि हलत्या जहाजावर, थोड्या सरपणात, शेकडो माणसांची तहान भागेल इतके पाणी गाळणे वेगळे. अठराव्या शतकात या प्रश्नाने इंग्रज वैद्यांना झपाटले होते. ज्याने १७४७ साली 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर लिंबे आणि संत्री देऊन स्कर्व्ही बरा होतो हे प्रयोगाने दाखविले, त्या डॉ. जेम्स लिंडनेच पुढे, त्यात कोणतेही औषध अगर मसाला न घालता, समुद्राचे पाणी नुसते ऊर्ध्वपातनाने शुद्ध होते हेही दाखविले. बक्षीस मात्र दुसऱ्यालाच मिळाले. डॉ. चार्ल्स आयर्व्हिंग याने भटारखान्याच्या हंड्यालाच नळी जोडून पाणी गाळण्याची एक युक्ती काढली, आणि १७७२ साली पार्लमेंटने त्याला ५,००० पौंड दिले. शास्त्राच्या इतिहासात असे अन्याय पावलोपावली आहेत. अशा युक्त्यांचा तेव्हा सुळसुळाटच झाला होता. अमेरिकेत जेकब आयझॅक्स नावाच्या एका गृहस्थाने आपल्याजवळ गुप्त मिश्रण असल्याचा दावा केला, तेव्हा परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन याने स्वतः प्रयोग करवून १७९१ साली अहवाल दिला की, मिश्रण घातले काय आणि न घातले काय, पाणी सारखेच गळते. जेफरसनने सुचविले की, पाणी गाळण्याची साधी रीत छापून प्रत्येक जहाजाच्या सरकारी परवान्याच्या पाठीवरच द्यावी, म्हणजे ती फुकटात सर्वांच्या हाती पडेल.

याच वेळी इंग्लंडात एक जेवणाचा प्रसंग घडला, तो आपल्या विषयाचा कणा आहे. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक आणि रसायनज्ञ. १७६७ साली तो लीड्स गावी राहावयास गेला, तेव्हा त्याचे बिऱ्हाड एका बिअरच्या भट्टीला लागून होते. आंबणाऱ्या पिंपांवर जी जड हवा साचून राहते, जिला त्या काळी 'बद्ध हवा' म्हणत आणि आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, ती त्याला तेथे आयतीच मिळाली. पाण्याची भांडी त्या हवेत धरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राहिले की पाण्याला चुरचुरीत चव येते, हे त्याने पाहिले. काही वर्षे ही गोष्ट एक गंमत म्हणूनच राहिली. पुढे १७७२ च्या सुमारास नॉर्थंबरलंडच्या ड्यूककडे तो जेवावयास गेला असता यजमानांनी टेबलावर एक बाटली आणविली. तीत डॉ. आयर्व्हिंगने आरमारासाठी गाळलेले समुद्राचे पाणी होते. सर्वांनी चाखले. पाणी गोडे होते, स्वच्छ होते, पण मिळमिळीत. झऱ्याच्या पाण्याचा जिवंतपणा त्यात नव्हता. प्रीस्टलीच्या मनात आले की, आपली ती हवा या पाण्यात मिसळली तर त्याला चव येईल, आणि शिवाय खलाशांना औषधही होईल.

औषध कसे? तर डेव्हिड मॅकब्राइड या वैद्याने असे मत मांडले होते की, शरीर सडू लागणे म्हणजे त्यातील बद्ध हवा निघून जाणे. तेव्हा ती हवा पोटात परत घातली की स्कर्व्ही हटेल. हे मत साफ चुकीचे होते. स्कर्व्ही होतो तो ज्या जीवनसत्त्वाच्या अभावी, ते सी जीवनसत्त्व १९२८ साली वेगळे काढण्यात आले, आणि बुडबुड्यांत ते औषधापुरतेही नसते. परंतु १७७२ साली हे कोणाला ठाऊक असणार? प्रीस्टलीने खडूच्या भुकटीवर गंधकाम्ल ओतून हवा काढण्याची आणि डुकराच्या फुग्यातून ती पाण्यात दाबण्याची कृती एका छोट्या पुस्तिकेत छापली आणि ती आरमाराचा मुख्य अधिकारी लॉर्ड सँडविच याला अर्पण केली. कॅप्टन कुक त्याच वर्षी 'रेझोल्यूशन' व 'ॲडव्हेंचर' ही दोन जहाजे घेऊन आपल्या दुसऱ्या सफरीस निघत होता. त्याला या कृतीची माहिती पुरविण्यात आली. खुद्द प्रीस्टलीने या सफरीवर जावे असेही बोलणे निघाले होते, पण त्याची धर्ममते आड आली. १७७३ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. त्याने पेटंट घेतले नाही, त्यातून पैसाही केला नाही. जहाजावरच्या गरिबांच्या पेल्यात जावे म्हणून काढलेले पाणी त्याने जगाला देऊन टाकले.

खलाशी त्यामुळे वाचले नाहीत; ते वाचले ते १७९५ नंतर, आरमाराने लिंबाचा रस सर्रास देऊ केला तेव्हा. बुडबुड्यांचे पाणी मात्र किनाऱ्यावर उतरले आणि श्रीमंतांच्या घरात शिरले. जिनीव्हात जवाहिऱ्याचा धंदा करणारा याकोब श्वेप याने ते यंत्राने करून विकावयास आरंभ केला व १७९२ साली तो लंडनला आला. त्याचीच ती श्वेप्स कंपनी. आत दाब असलेले पाणी बाटलीत कोंडून ठेवणे हे मोठे कठीण काम. बूच वाळले की वायू निसटला. म्हणून उभी राहूच शकणार नाही अशी अंड्याच्या आकाराची बाटली निघाली, म्हणजे ती आडवीच ठेवावी लागे आणि बूच ओले राही. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने काचेच्या गोटीने तोंड बंद होणारी बाटली काढली. ती आपल्या ओळखीची आहे. आपल्या जत्रांत आणि एस.टी. स्टँडवर अंगठ्याने गोटी आत ढकलून जो गोटीसोडा आपण प्यालो, तो प्रीस्टलीच्या त्या आरमारी पाण्याचा थेट वंशज होय.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचमहालात पहिले जागतिक प्रदर्शन भरले. तेथे मद्यविक्रीला बंदी होती. खाण्यापिण्याचा मक्ता श्वेप कंपनीला मिळाला, आणि तिने त्या काही महिन्यांत सोडा, लेमोनेड वगैरेंच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपविल्या. मला या मक्त्यातले एक कलम फार मोलाचे वाटते. जो प्रेक्षक मागेल त्याला गाळलेले स्वच्छ पाणी पेल्यातून फुकट द्यावे, अशी अट मक्तेदारावर होती. 'मागेल त्याला' हे शब्द ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांनंतरच्या जहाजावर फुकटचे पाणी याच अटीवर मिळत असते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या घरचे आहे. विश्वासाचे पाणी मोहोरबंद करून बरोबर नेणे ही काही एकट्या युरोपाची कल्पना नव्हे. अकबर बादशहा घरी असो वा स्वारीवर असो, गंगेचेच पाणी पिई; आग्र्यास असताना ते सोरोंहून आणि पंजाबात असताना हरद्वारहून मोहोरबंद घागरींतून येई, असे अबुल फझल 'आईन-इ-अकबरी'त सांगतो. या खात्याला आबदारखाना म्हणत, आणि तो शब्द आपल्या जुन्या दरबारी मराठीतही रुळला होता. या परंपरेचा शेवटचा थाट मुंबईच्या धक्क्याने पाहिला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराजे सवाई माधोसिंग दुसरे विलायतेस निघाले. समुद्र ओलांडावयाचा, परदेशी राहावयाचे, आणि पाणी मात्र गंगेचेच प्यावयाचे, असा त्यांचा निश्चय. त्यासाठी चांदीच्या प्रचंड घागरी घडविल्या होत्या. त्यांतल्या दोन आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. एकेकीचे वजन सुमारे ३४५ किलो, आणि एकेकीत सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. 'ऑलिंपिया' नावाचे अख्खे जहाज त्यांनी ठरविले होते, आणि त्यावर देवघरसुद्धा होते. राजाच्या आजारपणामुळे समारंभ जूनमधून ऑगस्टवर गेला, तरी महाराजांचे पाणी पुरले! आपण याला हसू नये. टेबलावर विशिष्ट नावाचीच बाटली मागणारा आजचा पाहुणा आणि हे महाराज यांच्या मनात एकच गोष्ट असते: येथले पाणी आपल्यासारख्याने पिण्याजोगे नाही. महाराजांच्या शंकेला धर्माचा आधार होता, एवढाच फरक.

शंकेला पुराव्याचाही आधार होता. १८९२ साली हँबर्ग शहरात पटकीची साथ आली. हँबर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता नळाने पुरवीत असे. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून घेई. हँबर्गात सुमारे ८,६०० माणसे मेली आणि आल्टोना जवळजवळ सुटले. रस्त्याच्या एका बाजूला मरण आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा तो धडा रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला. हँबर्ग हे तर उतारूंचे मोठे बंदर. तेथून निघालेल्या जहाजांबरोबर रोग न्यूयॉर्कच्या दाराशी गेला आणि जहाजे बंदराबाहेर अडकवून ठेवावी लागली. अशा जगात ज्याला परवडे तो झऱ्याचे बाटलीबंद पाणी घेई, आणि शहाणपणाच करी. जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यातील अपोलिनारिसचे पाणी त्या काळी लंडनच्या मोठ्या घरांतून खपे.

त्यानंतर आलेल्या पेरिए या फ्रेंच पाण्याची बाटली आपल्याला परिचित वाटावी, याचे कारण तिचा आकार. १९०३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील हा झरा सेंट जॉन हार्म्सवर्थ या इंग्रजाने घेतला. पुढे मोटारच्या अपघातात तो पंगू झाला आणि हातांच्या व्यायामासाठी हिंदुस्थानी मुद्गल फिरवू लागला. त्या मुद्गलाच्या घाटाची हिरवी बाटली त्याने करविली. आपल्या तालमीतले मुद्गल असे जगभरच्या जेवणाच्या टेबलांवर जाऊन उभे राहिले, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही! या पाण्याच्या बुडबुड्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९९० साली त्यात बेन्झीन सापडल्यामुळे जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घेण्यात आल्या. त्या गडबडीत लोकांना समजले की, झऱ्याचे पाणी आणि झऱ्याचा वायू वेगवेगळे काढून कारखान्यात पुन्हा एकत्र करीत असत. प्रीस्टलीला यात काहीच वावगे वाटले नसते.

दरम्यान पाण्यानेच बाटलीचा पाया खणून काढला होता. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीने नळाच्या पाण्यात कायम क्लोरीन घालणे सुरू केले, इतर शहरांनी ते उचलले, आणि तेथे बाटल्यांचा खप ओसरू लागला. जहाजावरही तेच झाले. वाफेची एंजिने आली तेव्हा बॉयलरला गोडे पाणी लागते म्हणून गाळण्याची यंत्रे आलीच. त्यात साखर कारखानदारीने हात दिला. एका भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवावयास वापरायची आणि आतील दाब कमी ठेवायचा, म्हणजे थोड्या जळणात पुष्कळ पाणी आटते, ही नॉर्बर्ट रिलिए याची १८४० च्या दशकातील युक्ती. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत उसाचा रस आजही याच तत्त्वावर आटवितात. कारखान्याला उरलेला पाक हवा असतो, जहाजाला उडालेली वाफ हवी असते, इतकेच. आजच्या जहाजांवर एंजिन थंड करून तापलेल्या पाण्याची फुकट जाणारी उष्णता यासाठी वापरतात. याच्या जोडीला उलट परासरणाची पडदेवाली यंत्रे असतात. त्या पडद्याचा शोध कॅलिफोर्नियात १९५९ च्या सुमारास सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी लावला, आणि सौरिराजन हे तमिळ देशाचे.

अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या सहलीच्या जहाजांची तपासणी तेथील आरोग्यखाते १९७५ पासून करीत आले आहे. बंदरात किंवा घाण पाण्यात समुद्राचे पाणी घेऊन गाळू नये, जहाजाच्या नळांत क्लोरीनचे प्रमाण दशलक्षांत ०.२ पेक्षा खाली जाऊ नये आणि ५ पेक्षा वर जाऊ नये, त्याची नोंद ठेवावी, असे हे काटेकोर नियम आहेत. अशा जहाजावरच्या नळाचे पाणी पिण्यास भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. मग बाटली का उरली?

याचे उत्तर पाण्यात नाही, धंद्यात आहे. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि उतारूंची जहाजे ओस पडली. रिकाम्या जहाजांचे काय करावे, यातून आजचा सहलीचा धंदा वाढला. १९६६ मध्ये 'सनवर्ड' मायामीहून कॅरिबियन बेटांकडे नियमाने जाऊ लागले. १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचे पहिले जहाज 'मार्दी ग्रा' निघाले, आणि पहिल्याच फेरीत बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतले. तरीही धंदा चालला, कारण भाडे स्वस्त ठेवले. स्वस्त तिकिटाने माणूस चढवायचा आणि उरलेले जहाजावर वसूल करायचे: दारू, जुगार, छायाचित्रे, किनाऱ्यावरच्या फेऱ्या, आणि पाणी. कार्निव्हल समूहाच्या २०२३ च्या हिशेबात एकूण उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर. त्यांपैकी तिकिटांचे सुमारे १४.१ अब्ज, आणि जहाजावरच्या व इतर विक्रीचे सुमारे ७.५ अब्ज. म्हणजे रुपयात जवळजवळ पस्तीस पैसे तिकिटाबाहेरचे. जुन्या काळी याच्या उलट रीतही होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर आरंभीच्या दशकांत तिकीट जबर असे, पण वाइन आणि बिअरसुद्धा त्यातच येई. ही सोय पुढे बंद झाली.

बाटली खपविण्याची रीत मोठी नाजूक आहे. खोलीत गेल्यावर टेबलावर बाटली ठेवलेली असते आणि तिच्या गळ्यात बारीक अक्षरांत किमतीची चिठ्ठी असते. जहाजावर रोख पैसे कोणी घेत नाही. कार्ड दाखवायचे, त्यामुळे पैसे गेल्याची जाणीव सफर संपल्यावरच होते. सफर सुरू होण्याआधीच बारा किंवा चोवीस बाटल्यांची मोळी घ्या म्हणजे स्वस्त पडेल, असाही आग्रह असतो. आणि भोजनगृहात तो वेटरचा प्रश्न. शेजारी अनोळखी जोडपे बसलेले असते. अशा वेळी "आम्हाला नळाचेच आणा" म्हणणे जड जाते. हँबर्गच्या काळात लोक बाटलीसाठी पैसे देत ते जीव वाचावा म्हणून. आता पुष्कळदा देतात ते चारचौघांत कमीपणा वाटू नये म्हणून.

आपल्या माणसाची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. ठाण्यात १९६५ साली बिस्लेरीचा कारखाना निघाला आणि १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो घेतला, तेव्हा हिंदुस्थानात पाणी कोण विकत घेणार म्हणून लोक हसले असतील. पुढच्या दोन पिढ्यांत आपण शिकलो की, बाहेरगावी गेल्यावर बाटलीचेच पाणी प्यावे. स्टेशनावर आणि धाब्यावर हे शहाणपणाचेच आहे. हीच सवय घेऊन आपण जहाजावर चढतो, आणि वेटरला काही पटवून द्यावे लागतच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हॉटेलांना बाटलीवरील छापील किमतीहून अधिक पैसे घेता येतात, कारण तेथे येणारा माणूस केवळ बाटली विकत घ्यावयास येत नाही, त्या जागेचा आणि सेवेचाही उपभोग घेतो. फ्रान्समध्ये १९६७ पासून जेवणाबरोबर साध्या पाण्याचा कूजा फुकट द्यावा लागतो. इंग्लंडात २०१० पासून मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागी मागेल त्याला नळाचे पाणी फुकट द्यावे लागते. सहलीची मोठी जहाजे मात्र बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा असल्या देशांचा झेंडा लावून फिरतात.

आणि त्या वेटरविषयी दोन शब्द. या जहाजांवर आपल्या गोव्याची पुष्कळ मुले आहेत. त्यांची मिळकत पगारापेक्षा बक्षिशीवर आणि सेवाशुल्कावर बरीच अवलंबून असते, तेव्हा बाटली उघडण्याची त्यांची घाई समजून घेण्याजोगी आहे. जिनीव्हा येथे २००६ साली झालेला आणि २०१३ पासून अंमलात आलेला खलाशांच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, जहाजावर काम करणाऱ्याला नोकरीत असेतो अन्न फुकट मिळाले पाहिजे आणि पिण्याचे पाणी चांगले मिळाले पाहिजे. पाण्याबद्दल कोठे संशय राहू नये म्हणून २०२२ मध्ये त्या करारात दुरुस्ती करण्यात आली व ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली: पाणीही फुकटच. शिडाच्या जहाजातल्या उतारूसाठी १८४२ साली जो हक्क कायद्याने लिहून ठेवला गेला, तो आज आंतरराष्ट्रीय करारात जहाजाच्या नोकराच्या नावे लिहिलेला आहे. पाहुण्यांची टेबले आवरून तो मुलगा खालच्या मजल्यावर आपल्या जेवणघरात जातो, तेव्हा तेथे त्याला मिळते ते जहाजाच्या टाकीतले पाणी, आणि त्याचे बिल होत नाही.